ॲक्टिंग सोडून कास्टिंगमध्ये का गेलात?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, नाहीतर हा प्रश्न मी हसण्यावारी नेते. नाटकवाले विचारतात, भाची विचारते, परवा तर डेंटिस्टने विचारलं, माझ्या तोंडात त्याचा आरसा असताना.

सोडायला मुळात फार काही नव्हतंच हो. ११ वर्षांत नर्स झाले, लेडी कॉन्स्टेबल झाले, आणि कामवाली बाई किती वेळा झाले ते मोजणंच बंद केलं. हिंदीवाल्यांना मराठी बाईचे एवढेच धंदे ठाऊक. सकाळी सातचा कॉल, गोरेगावला फिल्मसिटीत पोचायचं, मेकअप करून बसायचं, आपला शॉट लागणार संध्याकाळी सहाला, त्यात "साब, मेमसाब घर पे नहीं हैं" एवढं म्हणायचं, आणि पैसे ९० दिवसांनी, तेही काम आणून देणाऱ्या कोऑर्डिनेटरचं कमिशन कापून.

कास्टिंगमध्ये शिरले ती क्यू द्यायला, म्हणजे ऑडिशन देणाऱ्याला समोरच्या पात्राची वाक्यं वाचून द्यायला. वर्सोव्याला आरामनगरात ऑडिशनला गेले होते, माझा नंबर ३९, आणि समोरच्याची वाक्यं वाचणारा असिस्टंट पोरगा सकाळपासून तेच तेच वाचून घसा बसवून घेतलेला. म्हटलं आण इकडे, मी वाचते. कॅमेऱ्याच्या या बाजूला बसल्यावर पहिल्यांदा कळलं की आत काय होतं. आवाज येतो म्हणून पंखा बंद, माणूस घामाघूम होऊन आत येतो, नाव-वय-उंची सांगतो, लेफ्ट प्रोफाइल, राइट प्रोफाइल, हात दाखवा, आणि एवढ्यात घरून केलेली सगळी तयारी मातीत.

त्या दिवशी वॉचमनच्या एका ओळीसाठी एक साठीचे काका आले. डब्याची पिशवी खाली ठेवली आणि ओळ म्हणताना नजर सारखी पिशवीकडे, कोणी नेईल म्हणून. ओळ साफ पडली. मी म्हटलं, काका, पिशवी हातातच राहू द्या आणि परत म्हणा. दुसऱ्या टेकला त्या पिशवीसकट वॉचमन उभा राहिला बघा! काकांचं सिलेक्शन झालं, माझं नाही झालं, पण दुसऱ्या दिवशी क्यू द्यायला मलाच बोलावलं, ती अजून तिथेच आहे.

लोकांना वाटतं आम्हीच रोल वाटतो. अहो, आम्ही शोधतो, पुढे पाठवतो, भांडतो, शेवटचा शब्द डिरेक्टर-प्रोड्युसरचा. पण शोधणाऱ्याची नजर कुठे फिरते त्यावर बरंच असतं. १९९४च्या बँडिट क्वीन सिनेमाचं कास्टिंग तिग्मांशु धुलियाने केलं, म्हणून मनोज बाजपेयीसारखी नाटकातली माणसं पडद्यावर दिसली. ऑस्करवाल्यांना मात्र कास्टिंगला वेगळं बक्षीस द्यावं हे २०२४ साली सुचलं, तेही द्यायचं २०२६पासून. (आणि हो, ऑडिशनचे पैसे मागणारा कास्टिंगवाला भेटला तर तिथून सरळ निघा.)

मध्यंतरी एक ब्रीफ आलं. "महाराष्ट्रीयन मेड, टिपिकल, चाळिशीची." मी विचारलं टिपिकल म्हणजे नक्की कशी, तर पलीकडच्या पोरीने रेफरन्स म्हणून एक फोटो पाठवला. कुठल्यातरी जुन्या सिरियलचा स्क्रीनशॉट, पदर खोचलेला, हातात झाडू. मीच होते.

डेट्स नाहीत म्हणून कळवून टाकलं.