छतावरची काडेपेटी: गाडीतल्या सॅटेलाइट रेडिओची आतापर्यंतची नोंद

गाडी २००९ ची. मूळ रेडिओला सॅटेलाइटची सोय नाही, ब्लूटूथ नाही, कन्सोलमध्ये ऑक्सचं, म्हणजे बाहेरचा आवाज वायरने जोडायचं, एक भोक तेवढं आहे. न्यू जर्सीहून पश्चिमेला पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरांत शिरलं की मोबाइलचं नेटवर्क येऊन-जाऊन असतं आणि एफएमवर सारखी स्टेशनं शोधत बसावी लागतात, म्हणून सिरियसएक्सएम या अमेरिकन सॅटेलाइट रेडिओ सेवेचा डॉकवर बसणारा छोटा रिसीव्हर घेतला. हे झालं घरी सांगितलेलं कारण. खरं म्हणजे पुण्यात वर्ल्डस्पेस या सॅटेलाइट रेडिओचा सेट खिडकीत ठेवून त्याचा अँटेना हाताने एकेक अंश फिरवत बसणाऱ्यांपैकी मी एक. ३१ डिसेंबर २००९ ला ती सेवा भारतात बंद पडली आणि माझं खूळ अर्धवट राहिलं.

पहिला शनिवार

डबा उघडला. रिसीव्हर, डॉक, पाच व्होल्टचा अडॅप्टर, आणि काडेपेटीएवढा चुंबकाचा अँटेना, मागे वीसेक फुटांची बारीक केबल. आधी काही न उचकटता सगळं डॅशबोर्डवर मांडून पाहिलं. शून्य नंबरच्या चॅनलवर रेडिओचा आयडी दिसतो, तो देऊन सेवा चालू करून घ्यायची. (आयडीत ओ हे अक्षर नसतं, ओ वाटतो तो शून्य असतो. मी एकदा चुकलो.) चालू करण्याचा सिग्नलही उपग्रहावरूनच येतो, तेव्हा रिसीव्हर सुरू ठेवून गाडी उघड्यावर उभी करावी. गॅरेजमध्ये बसून वाट पाहू नये.

आवाज गाडीच्या स्पीकरवर न्यायला एफएम ट्रान्समीटरचाही पर्याय होता. न्यूयॉर्कच्या आसपास ८८ ते १०८ मध्ये रिकामी फ्रिक्वेन्सी सापडणं कठीण, आणि असे ट्रान्समीटर नियमानुसार अगदीच दुबळे असतात. पाच मिनिटं खरखर ऐकली आणि सरळ ऑक्सची वायर लावली.

मग आळस नडला. छतावर अँटेना आणि खाली लोंबणारी केबल मला नको होती. डॅशबोर्डचं वरचं प्लास्टिक उचललं, आत एक लोखंडी पट्टी होती, तिच्यावर अँटेना चिकटवला आणि झाकून टाकला. जर्सी सिटीत घरासमोर गाडी उभी, आवाज स्वच्छ, वायर कुठेही दिसत नाही. अर्ध्या तासात काम फत्ते! त्या संध्याकाळी मी स्वतःवर बेहद्द खूश होतो.

दुसरा शनिवार

इंटरस्टेट ८० वर शहर मागे पडलं तसा आवाज तुटायला लागला. डेलावेअर वॉटर गॅप, म्हणजे पेनसिल्व्हेनियाच्या सीमेवरची नदीची खिंड, तिच्या बऱ्याच अलीकडे तो पूर्ण बसला. मुलाला सेटिंगमधला सिग्नलचा पडदा उघडायला सांगितला. तिथे वर उपग्रहाच्या आणि खाली जमिनीवरच्या सिग्नलची अशा पट्ट्या वेगवेगळ्या दिसतात.

"बाबा, वरच्यात काहीच नाहीये. खालचीपण गेली आता."

मग डोक्यात प्रकाश पडला. शहरात उंच इमारतींमुळे उपग्रह दिसत नाही, म्हणून तिथे कंपनीने जमिनीवर रिपीटर उभारलेले असतात. तोच कार्यक्रम, शेजारच्याच फ्रिक्वेन्सीवर, पण पलीकडच्या गल्लीतून दांडगाईने येणारा. मी घरासमोर आठवडाभर जे ऐकलं ते सगळं या रिपीटरचं होतं. माझ्या अँटेनाने उपग्रह बहुधा एकदाही धड पाहिलेला नव्हता. तेव्हा कोणी बसवत असाल तर नुसत्या आवाजावर जाऊ नका. शहराबाहेर जाऊन वरची पट्टी बघा.

घरी येऊन गणित मांडलं. माझा रिसीव्हर सिरियसएक्सएममधल्या एक्सएम या जाळ्याचा. त्याच्या उपग्रहांच्या जागा साधारण ८५ आणि ११५ अंश पश्चिम रेखांशावर, विषुववृत्ताच्या डोक्यावर. माझ्या इथून पहिला क्षितिजापासून सुमारे ४२ अंश वर, दक्षिणेच्या जरा पश्चिमेला. दुसरा जेमतेम २७ अंशांवर, नैर्ऋत्येला. पश्चिमेला निघालेल्या गाडीत हे दोघेही डाव्या हाताला येतात. म्हणजे डॅशबोर्डखालच्या अँटेनाला समोरच्या काचेचा फारसा उपयोग नाही. मध्ये छत, खांब आणि दाराचा पत्रा. एक्सएमचा पट्टा २३३२.५ ते २३४५ मेगाहर्ट्झ, तरंगलांबी तेरा सेंटिमीटरच्या आत. या लहरी पत्र्याला वळसा घालून येत नाहीत. अँटेनाला आकाश दिसलं पाहिजे.

तिसरा शनिवार: छत

छताच्या मागच्या भागात, मधोमध, काचेच्या कडेपासून चार इंच पुढे. माहितीपत्रकात कडेपासून किमान तीन इंच सोडायला सांगितलं आहे, आणि ते उगाच नाही: अँटेनाखालचा सपाट पत्रा हा अँटेनाचाच भाग म्हणून काम करतो. अगदी कडेला लावला तर एका बाजूला पत्रा संपतो आणि त्या बाजूचं ऐकणं बिघडतं. काचेच्या छताच्या गाड्यांना चुंबकही धरत नाही, त्यांचं दुखणं वेगळं.

केबलचा मार्ग असा: छतावरून मागच्या काचेच्या रबरात दाबत खाली, तिथून डिकीच्या झाकणाच्या कडेने आत, मागच्या सीटच्या पाठीमागून खाली, मग दारांच्या उंबऱ्यावरच्या प्लास्टिक पट्ट्यांखालून पुढे कन्सोलपर्यंत. पुढच्या खांबातून आणायचा मोह बऱ्याच जणांना होतो, कारण तो रस्ता सर्वांत जवळचा. माझ्या गाडीत त्या खांबात आणि छताच्या कडेला खिडक्यांवर पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग आहे. तिच्यावरून केबल गेली तर एअरबॅग उघडताना काय होईल याचा प्रयोग मला करायचा नाही. सीटखाली पिवळे कनेक्टर दिसले तर तेही एअरबॅगच्या यंत्रणेचे. त्यांना हात लावू नये.

डिकीत शिरण्याआधी केबलला खाली एक झोळ दिला, म्हणजे पावसाचं पाणी केबलवरून चालत आत न येता तिथेच ठिबकतं. उरलेली केबल मोठ्या वेटोळ्यात सीटमागे बांधली. ती कापून छोटी करू नका, घट्ट दुमडूही नका.

संध्याकाळी डिकी लावली आणि पडद्यावर अक्षरं: चेक अँटेना.

डिकी उघडली, आवाज आला. लावली, गेला. चार वेळा केलं, शेजारच्या आजोबांनी गॅलरीतून पाहिलंही. अँटेनाच्या पोटात छोटा अँप्लिफायर असतो आणि त्याला वीज याच केबलमधून रिसीव्हर पुरवतो. केबल रिसीव्हरमधून काढून मल्टिमीटर लावला: डिकी उघडी असताना मधली पिन आणि बाहेरची कडी यांच्यात शॉर्ट नाही, लावली की जवळपास शून्य ओहम. बिजागरीपाशी मी केबल चेमटली होती. नवा अँटेना मागवला. या वेळी बिजागरीपासून दूर, जिथे रबर सर्वांत जाड आणि मऊ आहे तिथून केबल आत घेतली आणि झाकण हळू लावून आधी कागदाची पट्टी अडकवून पाहिली. ती सहज ओढता आली, म्हणजे केबलला जागा आहे.

चौथा शनिवार: शिट्टी

इंजिन चालू केलं की स्पीकरमधून बारीक शिट्टी. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की तिचा सूर चढतो, सोडला की उतरतो. इंजिनावर फिरून वीज करणाऱ्या अल्टरनेटरची ही ओळखीची तक्रार. रिसीव्हर सिगारेट लायटरच्या सॉकेटवर होता आणि त्याचं अर्थिंग एका वाटेने, ऑक्सच्या वायरचं दुसऱ्या वाटेने. दोन्ही मिळून एक वेढा तयार होतो आणि शिट्टी त्यातून आवाजात शिरते.

खात्री करायला सोपी युक्ती: रिसीव्हर पाच व्होल्टवर चालतो, तेव्हा तो पॉवर बँकेवर लावला. शिट्टी पार गायब. (जुने काही डॉक बारा व्होल्टचे होते, त्यांचे अडॅप्टर यात मिसळू नका, रिसीव्हर जळेल.) आधी ऑक्सच्या मध्ये हा वेढा तोडणारा आयसोलेटर टाकून पाहिला. शिट्टी गेली, पण तबल्याच्या डग्ग्याचा घुमाराही गेला, आणि ते मला पटेना. तो काढला. लायटरचं सॉकेट सोडलं, बारा व्होल्टचे पाच करणारा छोटा कन्व्हर्टर फ्यूज बॉक्समधून, किल्ली फिरवल्यावरच वीज मिळणाऱ्या सर्किटवरून घेतला, दोन अँपिअरचा फ्यूज टाकला, आणि त्याचं अर्थिंग मूळ रेडिओ ज्या बोल्टला बांधला आहे त्याच बोल्टला दिलं. बोल्टखालचा रंग खरवडायला विसरलो होतो, तो खरवडल्यावर उरलीसुरली कुरकुरही थांबली. आवाज अगदी वर नेला आणि गाणं थांबवलं तर कान लावून थोडी ऐकू येते. तेवढी राहू दे.

पाचवा शनिवार

पुन्हा ८० वर. शहर संपताना खालची पट्टी शून्यावर आली, वरची भरलेलीच राहिली, आणि आवाजात काही कळलंसुद्धा नाही. पुलांखालून जाताना मुद्दाम कान टवकारले. दोन उपग्रहांवरून एकच कार्यक्रम साधारण चार सेकंदांच्या अंतराने येतो आणि रिसीव्हर आधी आलेला साठवून ठेवतो, त्यामुळे छोटी अडचण भरून निघते. ताशी ६५ मैलांनी चार सेकंदांत गाडी सुमारे ११६ मीटर जाते. एवढा रुंद पूल या रस्त्यावर मला लागला नाही. वॉटर गॅपमध्ये, दोन्ही बाजूंनी डोंगर अंगावर येतात तिथे, आवाज दोनदा तुटला. तिथे २७ अंशांवरचा उपग्रह डोंगराआड जात असावा, आणि एकट्या दुसऱ्यावर भागेना.

डाव्या बाजूची उंबऱ्याची पट्टी अजून नीट बसलेली नाही. एक क्लिप उडून सीटखाली गेली आहे, ती शोधायची आहे. आणि छतावर बर्फ साचल्यावर वरची पट्टी किती उतरते ते जानेवारीत मोजून लिहीन.