मुन्नार-तट्टेकाड, नोंद पाचवी: फेब्रुवारी रद्द, जानेवारी पक्का

मंडळी, केरळातल्या आमच्या मुन्नार-तट्टेकाड पक्षीसहलीची तिकिटं कन्फर्म झाली! चारही. मंगला एक्सप्रेस, स्लीपर, नाशिकरोड ते अलुवा. फक्त ती फेब्रुवारीची नाहीत, ५ जानेवारीची आहेत. मागच्या नोंदीतला आराखडा जवळजवळ सगळा मोडला. तो का मोडला, हे सांगायलाच आज लिहायला बसलोय.

महिन्यापूर्वी सगळं जमलेलं होतं. २० फेब्रुवारीपासूनची रजा मंजूर, तट्टेकाडच्या होमस्टेला दोन हजार आगाऊ पोचते केलेले, हिशोब माणशी दहा हजारांच्या आत. मग एका रविवारी नांदूरमध्यमेश्वरला चापडगावच्या मनोऱ्यावर थर्मासमधला चहा ओतता ओतता आमच्याबरोबर येणारे सर म्हणाले, "अहो, फेब्रुवारीत ताहरची वीण असते ना? तेव्हा राजमला उघडं असतं का?"

समोर चक्रवाक होते, थापट्या होत्या, पण नंतर माझं दुर्बिणीत लक्षच लागलं नाही. घरी येऊन बघितलं तर सरांचं खरं निघालं. निलगिरी ताहर या डोंगरी रानशेळीच्या विणीसाठी इरविकुलम राष्ट्रीय उद्यान दरवर्षी फेब्रुवारी आणि मार्च पर्यटकांना बंद असतं. राजमला हा त्याच उद्यानातला पर्यटकांसाठीचा भाग. आमची अख्खी सहल नेमकी त्या दोन महिन्यांच्या मधोमध.

कुणी म्हणेल, एक जागा बंद तर दुसरी बघा. पण आमच्या यादीत पहिल्या नंबरवर निलगिरी पिपिट आहे. हा पक्षी राहतो फक्त दक्षिणेकडच्या पश्चिम घाटाच्या उंच गवताळ माथ्यांवर. चहाच्या मळ्यात तो भेटत नाही, दाट शोलात, म्हणजे डोंगरघळीतल्या रानात, भेटत नाही. त्याला उघडं गवतच लागतं, आणि राजमलाइतकं सोपं, वनखात्याच्या बसने थेट पोचवणारं गवत आमच्या बजेटात दुसरं नाही. अनामुडी, २,६९५ मीटर, भारतातलं हिमालयाच्या दक्षिणेकडचं सगळ्यात उंच शिखर, त्याच उद्यानात आहे. तिथपर्यंत जाऊन गवताचा पक्षी न बघता परत येणं मला मान्य नव्हतं.

पंधरा दिवस याच एका गाठीत गेले.

पहिला तोडगा भाचीचा: "मामा, ऊटीला जाऊ. पिपिट तिथेही आहे." खरंय. शिवाय उदगमंडलमकडे, म्हणजे ऊटीकडेच, खासगी गाड्यांना लागणारा ई-पास सरकारी बसने गेलं तर लागत नाही, म्हणजे खर्चातही बसत होतं. दोन दिवस मीही ऊटीचेच नकाशे बघत होतो. मग शोलाकिली आठवली, शोलातला एक छोटा पक्षी. निलगिरी आणि अनामलाई यांच्यामध्ये पालघाटची खिंड आहे, सुमारे ३० किलोमीटर रुंद. माणसाला ती आगगाडीतून तासाभरात ओलांडता येते. शोलात राहणाऱ्या छोट्या पक्ष्यांना ती लाखो वर्षं ओलांडता आली नाही. म्हणून खिंडीच्या उत्तरेला निलगिरी शोलाकिली आणि दक्षिणेला पांढऱ्या पोटाची शोलाकिली, अशा दोन वेगळ्या प्रजाती झाल्या. लाफिंगथ्रश या पक्ष्याचंही तेच: उत्तरेला निलगिरी, मुन्नारच्या बाजूला पलणी. २०१७ मध्ये जनुकीय अभ्यासानंतर या दोन्ही गटांना स्वतःचे नवे जीनस (जवळच्या प्रजातींची घराणी) मिळाले, शोलिकोला आणि मॉन्टेसिंक्ला. शोलिकोला हे नाव 'शोला' या तिकडच्या शब्दावरूनच घेतलंय, आणि त्याचा मला फार आनंद आहे. ऊटीला गेलो असतो तर खिंडीच्या दुसऱ्या बाजूचे पक्षी दिसले असते. तेही सुंदरच, पण वर्षभर आम्ही कान तयार केलेत ते दक्षिणेच्या कॉलवर. आणि तट्टेकाडही सुटलं असतं. ऊटी बाद.

दुसरा तोडगा एप्रिल. तोवर हिवाळी पाहुणे परत गेलेले असतात, शाळांच्या सुट्या लागतात आणि मुन्नारमधले खोल्यांचे भाव चढतात. तोही बाद.

राहिला जानेवारी. ऑफिसात रजा बदलून मागितली, साहेबांनी "मार्चएंडच्या आधी उरकताय हे बरंच" म्हणत सही केली. तट्टेकाडच्या होमस्टेवाल्या ताईंनी एक पैसा न कापता तारखा बदलून दिल्या. तिथे जाणाऱ्या कुणालाही मी हेच सांगेन: स्थानिक गाइडच्या घरी, जेवणासकट राहा. पहाटेचा गाडीखर्च वाचतो आणि फ्रॉगमाऊथ आज कुठल्या फांदीवर झोपलाय हे त्या घरात आदल्या संध्याकाळीच माहीत असतं. याउलट इथे भाड्याने लेन्स देणाऱ्या एकाने तारीख बदलायची म्हणताच अनामत गिळली. त्याच्याकडे पुन्हा जाणार नाही. लेन्स न्यायचीच नाही असं ठरलं. शोलातल्या अंधारात आमची आठपट मोठं दाखवणारी ८×४२ दुर्बीणच खरी. १०×४२ हातात हलते, चित्र अरुंद दिसतं, आणि पायाशी पाचोळ्यात उड्या मारणारा पक्षी सापडेपर्यंत निघून जातो. पक्षी दिसल्याच्या नोंदीपुरत्या फोटोला भाचीचा छोटा कॅमेरा पुरे.

आता तिकिटाची युक्ती. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं (१ नोव्हेंबर २०२४ पासून, त्याआधी १२० होते). पण हे दिवस मोजतात गाडी जिथून सुटते तिथल्या तारखेपासून. मंगला निजामुद्दीनहून निघते आणि नाशिकरोडला दुसऱ्या दिवशी येते. म्हणजे आपल्या ५ जानेवारीच्या गाडीची मूळ तारीख ४ जानेवारी, आणि बुकिंग उघडलं ५ नोव्हेंबरला. ६ तारखेची वाट बघत बसलो असतो तर एक दिवस हातचा गेला असता. मकरविलक्कूच्या (शबरीमलाच्या संक्रांतीच्या उत्सवाच्या) आधी तिथे जाणाऱ्या भक्तांची दक्षिणेकडच्या गाड्यांना तुफान गर्दी असते, त्यामुळे तो एक दिवस मोलाचा. सकाळी आठ वाजून तीन मिनिटांनी चार बर्थ मिळाले, त्यात सरांना लोअर. त्या सकाळी सातपूरच्या बसमध्ये मी उभ्यानेच सगळ्यांना फोन लावले.

इथपर्यंत काल रात्री लिहिलं होतं. आज सकाळी एक गोष्ट ध्यानात आली आणि क्रम पुन्हा फिरवला. ताहरची पिल्लं लवकर दिसू लागली तर इरविकुलम फेब्रुवारीची वाट न बघता आधीच बंद करतात. मूळ क्रम होता आधी तट्टेकाड, मग मुन्नार. आता उलटा: ६ तारखेला अलुवाला उतरायचं, तडक मुन्नारची बस, तीन मुक्काम. मग ९ ला उतरून कोतमंगलममार्गे तट्टेकाड, तीन मुक्काम. पिपिट पहिल्या दोन दिवसांत टिपायचा, म्हणजे धुकं आडवं आलं तरी एक दिवस हातात राहतो. पुढे तट्टेकाडला शांतपणे कर्णा (ट्रोगन) आणि राखी धनेश. सलीम अलींनी १९३३ च्या त्रावणकोर सर्वेक्षणात पालथं घातलेलं ते जंगल १९८३ मध्ये अभयारण्य झालं आणि त्याला त्यांचंच नाव मिळालं. जेमतेम २५ चौरस किलोमीटर, पण तिथे घाई करायची नाही.

मुन्नारच्या मुक्कामाला केएसआरटीसीच्या (केरळच्या एसटीच्या) डेपोतल्या स्लीपर बसचा विचार आहे. २०२० मध्ये जुन्या बसमध्ये बर्थ टाकून ही सोय झाली तेव्हा बर्थचे १०० रुपये होते. आताचा दर फोन करून विचारणार. जानेवारीत तिथे पारा शून्याजवळ जातो, पण निफाडच्या थंडीत पहाटे पाचला माळढोक दिसेल अशा आशेने शेतं तुडवलेली माणसं आपण, दोन स्वेटर पुरतील.

जीपचा आकडा मात्र खुपत होता. पांपाडुम शोलासाठी दिवसाला साडेतीन हजार मागतायत. हे लिहिता लिहिता नकाशा उघडला तर मुन्नारहून वट्टवडाला जाणारा बसचा रस्ता थेट त्या उद्यानातूनच जातो! केरळातलं सगळ्यात छोटं राष्ट्रीय उद्यान, १.३२ चौरस किलोमीटर. चेकपोस्टला उतरायचं, वनखात्याकडे रीतसर परवानगी घ्यायची, दुपारच्या बसने परत. काळी-नारिंगी फ्लायकॅचर आणि निलगिरी रानकबुतर तिथे मिळायला हवं. जीप रद्द झाली तर माणशी पावणेनऊशे वाचतात, त्यात तट्टेकाडला गाइडची रात्रीची एक जास्तीची फेरी बसते. बसच्या वेळा मुन्नार डेपोकडून नक्की करतो. कुणी अलीकडे त्या बसने गेलं असेल तर जरूर कळवा.

परतीची गाडी १२ जानेवारीला, अलुवाहून. ती एर्नाकुलमहून त्याच दिवशी सुटते, म्हणून बुकिंग १३ नोव्हेंबरला, सकाळी आठला. आईला शब्द दिलाय, तिळगूळ घरीच खाणार.