लान्सरला कॉइलओव्हर: बसवायला अर्धा दिवस, अलाइनमेंटला २३ दिवस

सगळे मला विचारतात कॉइलओव्हर (स्प्रिंग आणि शॉकॉप्सर एकत्र, उंची कमीजास्त करता येणारा सेट) बसवायला अवघड गेलं का. नाही गेलं. मेस्त्री आणि मी सकाळी दहाला सुरू केलं आणि तीन वाजता चहा पीत गाडीकडे बघत उभे होतो. डोकं फिरलं ते त्यानंतर आणि ते अजून जागेवर आलेलं नाहीये, म्हणून हे लिहितोय.

गाडी २००१ची मित्सुबिशी लान्सर, १.५ पेट्रोल, बाबांनी घेतलेली. पुढचे दोन्ही शॉकॉप्सर तेल सोडून रिकामे झाले होते, स्पीडब्रेकरवरून उतरली की नाक तीनदा वरखाली. नाना पेठेत चार दुकानं फिरलो, एकाकडे फक्त उजव्या बाजूचा निघाला. मग रिकंडिशन करून बघितले, चार महिन्यांत परत तेल बाहेर. हीच बॉडी अमेरिकेत मिराज नावाने विकली जायची त्यामुळे तैवानचा कॉइलओव्हरचा सेट तरी मिळतो, तो मागवला. शिपिंग आणि ड्युटी धरून सव्वा लाखाच्या वर गेलं. बाबांना ऐंशी हजार सांगितलंय.

बसवण्याचं थोडक्यात. पुढे नकलला (चाक ज्याच्यावर बसतं तो लोखंडी भाग) दोन बोल्ट, वर बोनेटखाली नट, ब्रेकच्या पाइपची क्लिप, संपलं. आदल्या रात्री सगळीकडे गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेवा, आम्ही मारला होता तरी डावीकडचा खालचा बोल्ट पान्याला पाइप लावल्यावरच सुटला. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली हात घालू नका, घोड्या (लोखंडी स्टँड) लावा. आणि जुना शॉकॉप्सर आख्खाच्या आख्खा बाहेर काढायचा, त्याचा वरचा मधला नट हौस म्हणून खोलायचा नाही, आत स्प्रिंग दाबलेली असते, सुटली तर तोंड जागेवर राहणार नाही.

आता दुखणं.

गाडी साधारण ३० मिमी खाली आली. या टाइपच्या सस्पेन्शनमध्ये गाडी खाली आली की चाकाचा वरचा भाग आत झुकतो, म्हणजे कॅम्बर निगेटिव्ह होतो, आणि टो (वरून बघितलं तर चाकं आत किंवा बाहेर किती वळलीयेत ते) पण बिघडतो. शिवाय नव्या सेटला वर कॅम्बर प्लेट आहे, चार ॲलन बोल्ट ढिले केले की शॉकॉप्सरचं डोकं आतबाहेर सरकतं. आम्ही बसवताना अंदाजाने मध्ये ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी कात्रजपर्यंत जाऊन आलो तर स्टेअरिंग डावीकडे धरून ठेवलं तरच गाडी सरळ, सोडलं की उजवीकडे ओढ. म्हणलं काही नाही, अलाइनमेंट (मशीनवर बघून चाकांचे कोन नीट लावणं) केली की झालं.

पहिल्या दुकानात पोरगा गाडीखाली वाकून बघून म्हणाला "लोअर केलीये, रॅम्पला बंपर घासेल, आम्ही घेत नाही". घासला नसता, मी मोजून गेलो होतो, पण जाऊ दे.

दुसऱ्या ठिकाणी घेतली. प्रिंट आली, कॅम्बर डावीकडे −२.१ डिग्री, उजवीकडे −०.४, दोन्हीपुढे लाल पट्टी. त्याने टाय रॉडवरून (स्टेअरिंगपासून चाकाला जाणारा दांडा) टो केला, ६०० रुपये घेतले आणि म्हणाला कॅम्बर नॉन ॲडजस्टेबल आहे सर. मी बोनेट उघडून बोल्ट दाखवले. त्याने बघितले, मान हलवली आणि परत म्हणाला नॉन ॲडजस्टेबल आहे सर.

तिसरं दुकान मोठं. एसी वेटिंग, कॉफीचं मशीन, टीव्हीवर त्यांचीच जाहिरात. वाटलं इथे तरी माणसं शिकलेली असतील. गाडी रॅम्पवर गेली, तेच आकडे आले आणि टेक्निशियन आतून हायड्रॉलिक जिग घेऊन आला. ज्यांना माहिती नसेल त्यांच्यासाठी, आपल्याकडे कॅम्बर करेक्शन म्हणजे बऱ्याच ठिकाणी शॉकॉप्सरला जिग लावून जॅकने दाबून लोखंड चक्क वाकवतात, स्क्रीनवर हिरवं दिसेपर्यंत. कंपनीच्या जाड शॉकॉप्सरवर ते खपून जात असेल. माझ्या दोन आठवडे जुन्या सेटचा रॉड त्यात वाकला असता तर सील गेलं, सील गेलं की सेट गेला. मी अक्षरशः रॅम्पच्या आणि त्याच्या मध्ये उभा राहिलो.

मग मॅनेजर आला. त्यालाही बोल्ट दाखवले, म्हणलं हे चार ढिले करा, डावीकडचं डोकं बाहेर ओढा, मशीनवर बघत बघत घट्ट करा, दहा मिनिटांचं काम आहे. तो स्क्रीनकडे बोट दाखवून म्हणाला "सर, सिस्टिममध्ये या मॉडेलला कॅम्बरचा ऑप्शनच येत नाही". अरे बाबा, सिस्टिममध्ये कंपनीची गाडी आहे, रॅम्पवर माझी आहे! कंपनीच्या शॉकॉप्सरला सोय नव्हती म्हणून यादीत नाही, बोल्ट तर समोर दिसतायत. नाही. मग म्हणाला मॉडिफाइड गाडीसाठी वेगळा फॉर्म आहे, तो भरून द्या. भरला. त्यात एक रकाना होता, "फिटमेंट करणाऱ्या अधिकृत केंद्राचं नाव व बिल क्रमांक". आमच्या मेस्त्रींनी आयुष्यात बिल फाडलेलं नाहीये, त्यांना दोन हजार दिले, त्यांनी खिशात घातले. म्हणलं रिकामं सोडतो. रिकामं चालत नाही. लिहितो मी स्वतःच बसवलेत, सही करतो, जबाबदारी माझी. तेही चालत नाही, हेड ऑफिसला विचारावं लागेल.

नऊ दिवस. रोज अकराला फोन, रोज "मेल टाकलाय सर, रिप्लाय आला की कळवतो". त्या नऊ दिवसांत मी बसने ऑफिसला गेलो, कारण तसंच चालवून डावीकडच्या टायरची आतली कड खायला घालायची नव्हती. दहाव्या दिवशी फोन आला, परवानगी मिळाली! हाफ डे टाकून गेलो. तर परवानगी कशाची, बेंडिंगची. फॉर्मवर काम काय करायचंय तिथे त्यांनीच "कॅम्बर बेंडिंग" लिहिलं होतं, कारण ड्रॉपडाउनमध्ये कॅम्बरसाठी तेवढंच होतं. मी किल्ली घेतली आणि निघालो. कॉफी मात्र प्यायलो.

घरी येऊन पार्किंगमध्ये चाकाकडे बघत बसलो होतो. शेजारच्या बिल्डिंगचं प्लास्टर चालू होतं आणि गवंडीकाका ओळंबा सोडून भिंत बघत होते. तिथे ट्यूब पेटली. कॅम्बर म्हणजे तरी काय, चाक उभ्या रेषेपासून किती झुकलंय तेवढंच ना. काकांकडे ओळंबा मागितला तर म्हणाले "दादा, भिंत कुठंय?" म्हणलं चाक बघायचंय. ते पण काम सोडून आले.

हिशोब असा. माझ्या १४ इंची रिमची वरच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंत उंची भरली ३८० मिमी. त्यात १ डिग्री म्हणजे साधारण साडेसहा मिमी. मला दोन्हीकडे −१ हवा होता. स्टेअरिंग सरळ, ओळंब्याची दोरी चाकाच्या बाहेरच्या बाजूला समोर सोडायची, दोरीपासून रिमची खालची कड आणि वरची कड किती लांब ते स्टीलच्या पट्टीने मोजायचं, वरचं अंतर साडेसहा मिमी जास्त आलं की काम झालं. पार्किंगची फरशी एका बाजूला उतरती असते (असतेच, पाणी जायला), म्हणून एकदा मोजून झालं की गाडी उलटी फिरवून त्याच जागी लावायची, परत मोजायचं आणि सरासरी काढायची. गाडी फिरवताना पार्किंगभर वॉचमन मागेमागे. प्रत्येक वेळी बोल्ट सरकवले की गाडी थोडी पुढेमागे ढकलायची, नाहीतर टायर अडून बसतो आणि खोटं माप येतं. पहिल्या चाकाला दीड तास लागला, दुसऱ्याला वीस मिनिटं. उजवीकडच्या मापाला तर काकांनीच पट्टी धरली आणि माझ्यापेक्षा बरोबर वाचली.

कॅम्बर हलला की टो परत बदलतो, म्हणजे आधीचे ६०० रुपये पाण्यात. म्हणून क्रम कायम लक्षात ठेवा: आधी उंची, मग कॅम्बर, टो सगळ्यात शेवटी. दुसऱ्या दुकानात परत गेलो आणि गाडी देतानाच सांगितलं, फक्त टो करायचा, बाकी कशाला हात लावायचा नाही. मशीनने कॅम्बर दाखवला −१.१ आणि −०.९. ओळंबा आणि पट्टीवर! मी त्या पोराला तीनदा वाचायला लावलं. तरी पट्टी लालच, कारण कंपनीच्या हिशोबात एवढा कॅम्बर बसत नाही. तो म्हणाला सर लाल आहे. म्हणलं असू दे. गाडी आता हात सोडला तरी सरळ जाते आणि ती प्रिंट मी ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवलीये, कुणी बसलं शेजारी की दाखवतो.

आठवेल तसं अजून थोडं. उंची कमी करताना मी आधी स्प्रिंगखालची रिंग खाली फिरवली, ते चुकीचं. गाडी जॅकवर घेतली तर स्प्रिंग हाताने हलत होती. ज्या सेटला खालचा ब्रॅकेट फिरतो त्यात स्प्रिंगला थोडा दाब कायम ठेवायचा आणि उंची ब्रॅकेटवरून करायची. सगळ्या रिंगा शेवटी हुक पान्याने आवळा, एक विसरलो होतो, सिंहगड रोडला खडखड ऐकून समजलं. मागच्या आर्मचे (चाक बॉडीला जोडणारे दांडे) रबरी बुशवाले बोल्ट चाकं जमिनीवर टेकल्यावर फायनल टाइट करायचे, लटकत्या गाडीवर केले तर रबर पिळलेलंच राहतं आणि लवकर फाटतं. शॉकॉप्सरच्या मधल्या नटला एअर गन लावू देऊ नका, रॉड गरगर फिरतो. डॅम्पिंगचे (शॉकॉप्सर किती कडक ते ठरवणारे) क्लिक पूर्ण घट्टपासून मागे मोजायचे आणि कुठेतरी लिहून ठेवायचे, मी पुढे १४ मागे १८ ठेवलेत, पेठेतल्या रस्त्यांना यापेक्षा कडक झेपत नाही. हेडलाइटचा फोकस परत लावून घ्या. आणि ३० मिमीपेक्षा जास्त खाली जायची खाज आली तर आधी सोसायटीच्या गेटवरचा स्पीडब्रेकर मोजा, आमचा कुणी टाकलाय माहिती नाही पण त्याला उंट पण अडखळेल.

नव्या स्प्रिंगा वापरात दबल्या की उंची थोडी उतरते, माझी ८०० किमीनंतर पुढून ४ मिमी उतरली. म्हणजे परत तेच सगळं मोजायचंय. काकांचं तिथलं काम संपलंय, ओळंबा आता स्वतःचा घ्यावा लागेल. आणि मागे डावीकडून छोट्या खड्ड्यात एक टक येतेय, ती आधी बघतो.