मनगट, अंगठा आणि पाऊल

स्मरणिकेत आठवणी लिहायच्या असतात, पण त्या बाकीचे माजी विद्यार्थी माझ्यापेक्षा चांगल्या लिहितील. माझा विषय हापकिडो, म्हणजे स्वसंरक्षणाची कोरियन कला. आज शाळेत असलेल्या मुलामुलींच्या हाती त्यातलं काही ठेवता आलं तर बरं.

आधी एक गैरसमज दूर करतो. हापकिडोला सर्रास 'प्राचीन कोरियन कला' म्हणतात. ती तेवढी जुनी नाही. तिचे जनक मानले जाणारे चोई योंग-सुल १९४६ मध्ये जपानहून कोरियात परतले आणि पुढे देगू शहरात शिकवू लागले. त्यांच्या शिकवणीची मुळं जुजुत्सूत, म्हणजे पकडी, पीळ आणि फेकींच्या जपानी कलेत होती. जी हान-जे यांच्यासारख्या शिष्यांनी तिला कोरियन लाथांची जोड दिली. खरोखर जुनी कला हवी असेल तर तेक्क्योन ही पायांच्या डावांची कोरियन कला आहे, २०११ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेलेली. पण कोणी हात धरला तर काय करायचं, याचं उत्तर हापकिडोत अधिक बारकाईने मिळतं.

समजा, समोरच्याने उजव्या हाताने तुमचं डावं मनगट धरलं. नवखा माणूस हात सरळ मागे ओढतो आणि ओढाताणीत जो जड, तो जिंकतो. पकडीची कच्ची जागा एकच: अंगठा आणि बोटांची टोकं जिथे भेटतात ती फट. पाचही बोटं ताठ फाकवा, म्हणजे मनगट टणक होतं आणि पकड नीट बसत नाही. मग मनगट असं फिरवा की तुमच्या अंगठ्याकडची त्याची अरुंद कड फटीसमोर येईल. आता डावा पाय अर्धं पाऊल पुढे टाका, कोपर त्याच्या कोपराकडे ढकला आणि पंजा स्वतःच्या उजव्या खांद्याकडे आणा. मनगट निसटतं. निसटलं नाही तर दोष हातात शोधू नका, पायाकडे बघा. पाऊल पडलं नाही की कोपर अंगापासून लांब राहतं आणि सगळा भार एकट्या दंडावर येतो. खांदा कानाकडे उचलला गेला तरी हेच होतं.

त्याने दोन्ही हातांनी एकच मनगट धरलं असेल तर मूठ वळा, गुडघे वाकवा, मोकळा हात त्याच्या दोन हातांच्या मधून घालून स्वतःचीच मूठ पकडा आणि उभं राहता राहता ती छातीशी ओढा. जोर मांड्यांचा, हात फक्त दोरीसारखे.

केस धरले तर डोकं मागे खेचू नका. दोन्ही तळव्यांनी त्याचा पंजा डोक्यावर घट्ट दाबून ठेवा. केसांवरचा ताण कमी होतो, आणि त्याचा हात आता तुमच्या ताब्यात असतो.

सांधे पिळण्याचे डाव बघणाऱ्याला फार आवडतात. शिकणाऱ्याने त्यांच्यावर लगेच भरवसा ठेवू नये. समोरच्याचं लक्ष आणि तोल आधी बिघडवला नाही तर त्याचा मोकळा हात तुमच्या तोंडावर येतो. म्हणून क्रम असा: नडगीवर लाथ, मग तोल, मग पीळ. सरावात मात्र पीळ सावकाश द्यायचा. दुखापत झटक्याने होते. जोडीदाराने अंगावर किंवा मॅटवर दोनदा थोपटलं की त्याच क्षणी सोडायचं. 'अजून थोडं' चालत नाही.

खरं तर या सगळ्याआधी पडायला शिकायचं असतं, आणि नेमकं तेच मुलं कंटाळून टाळतात. मागे पडण्याची सुरुवात उभ्याने नव्हे, उकिडवं बसून करा. हनुवटी छातीला लावा. नजर कमरेच्या पट्ट्याच्या गाठीवर ठेवली की ती आपोआप लागते आणि डोकं आपटत नाही. पाठ गोल ठेवून लोळा, श्वास सोडा आणि तळव्यापासून कोपरापर्यंतचा हात शरीरापासून सुमारे ४५ अंशांवर मॅटवर आपटा. हात खांद्याच्या रेषेपर्यंत पसरला तर हिसका खांद्याला बसतो. सर्वांत वाईट सवय म्हणजे मागे हात टेकून स्वतःला सावरणं. त्यात मनगट मोडतं. उकिडव्याने दहा वेळा नीट जमल्याशिवाय उभ्याने पडू नका.

सरावाचा जोडीदार फार सज्जन असला तरी नुकसानच. तो पकड आपणच सैल करतो आणि तुम्हाला वाटतं, डाव जमला. पकड आधी हलकी, मग मध्यम, मग पूर्ण जोराने धरायला सांगा, आणि दोन्ही हातांवर सारखा सराव करा.

राहिला चाकू. पळायला वाट असेल तर पळा. तरीही वर्गात दाखवलेले चाकूचे डाव खरे वाटत असतील तर रबरी चाकूच्या धारेला रंगीत खडू फासा, जोडीदाराला ठरलेला एकच वार न करता हवे तसे वार करायला सांगा, आणि अर्ध्या मिनिटानंतर तुमच्या पांढऱ्या डोबोकवरच्या, म्हणजे सरावाच्या पोशाखावरच्या रेघा मोजा.