तुम्ही आलात म्हणजे गेलीच

मंगळवार, रात्री साडेदहा

लोकलमध्ये क्लिपा विकणारी मावशी चेष्टेतच बोलली असणार. तरी दुपारपासून तेच डोक्यात आहे. कुकरच्या शिट्ट्या मोजतानासुद्धा तेच, आणि वरण करपलं.

अर्धी रजा होती. दाताचं काम लवकर आटपलं, म्हणून ठाकुर्लीला प्लॅटफॉर्मच्या कल्याणकडच्या टोकाला जाऊन उभी राहिले. बॅगेत कॅमेरा होता. समोरून साधी जांभळ्या पट्ट्याची सीमेन्स लोकल येत होती, आपली रोजचीच. डोळ्याला कॅमेरा लावला तोच मागून आवाज आला, "काय ताई, ही पण बंद होनार का?"

क्लिपवाली मावशी. बाकावर तिचा पुठ्ठा उभा करून बसली होती. पुढची लेडीज पकडून अंबरनाथपर्यंत जायची असेल.

मी म्हटलं, "नाही हो, सहज काढतेय."

"तुम्ही सहज कधी काढता? तुम्ही आलात म्हणजे ती गाडी गेलीच."

आणि हसली. मीही हसले. गाडी निघून गेली आणि फोटो राहिलाच.

तिचंही काय चुकलं? तिने मला पाहिलंय ते असंच. २०१५-१६ ला ती हार्बरला असायची आणि मी दर शनिवारी कुर्ल्याला उतरून हार्बरच्या फलाटावर तासन्‌तास उभी. मेन लाईनवर तोवर पंचवीस हजार व्होल्टचा एसी, म्हणजे उलटसुलट वाहणारा करंट आला होता, शेजारी हार्बरवर मात्र १९२५ पासूनचा तोच पंधराशे व्होल्टचा, एकाच दिशेने वाहणारा डीसी. जुन्या डीसी गाड्यांना जायला तेवढाच रूळ उरला होता. मावशीने तेव्हा विचारलं होतं, एवढं काय काढता. मी मोठ्या ज्ञानी चेहऱ्याने सांगितलं होतं, ही गाडी बंद होणार आहे मावशी. झाली. मग पुन्हा भेटलो तेव्हा मी जुन्या डिझेलच्या डबलडेकर बसच्या मागे होते, तेही तिला सांगून झालं होतं. १५ सप्टेंबर २०२३ ला तीही गेली. ऑक्टोबर संपता संपता पद्मिनी टॅक्सीसुद्धा. त्या बाईच्या हिशोबाने माझा कॅमेरा म्हणजे पिंडाला शिवणारा कावळा.

हे लिहिलं आणि हसू आलं. पण दुपारी आलं नव्हतं.

दुपारी वाईट वाटलं, आणि ते नक्की कशाचं हे कळत नाही. तिने मला ओळखलंय, याचं? की इतक्या वर्षांत मी एकाही गाडीकडे ती जिवंत, धडधाकट असताना नीट पाहिलं नाही, याचं? कॉलेजची सगळी वर्षं त्या डीसी गाड्यांत गेली. लाकडी पट्ट्यांची बाकं. पंखा बंद पडला की जाळीतून कंगवा घालून पातं ढकलायचं, मग तो कुरकुरत सुरू व्हायचा. गाडी थांबली की पायाखाली कंप्रेसर ढगढगढगढग करत राहायचा आणि मग एकदम गप्प व्हायचा, त्या गप्प होण्यानेच झोप मोडायची. त्या वर्षांतला एक फोटो नाही माझ्याकडे. तेव्हा कॅमेरा नव्हता हे खरं. पण असता तरी काढला असता का? गाडीत फोटो कसला काढायचा! तिघींच्या बाकावर टेकायला चौथी सीट मिळाली तरी दिवस चांगला जायचा.

बाबांचं ट्रामबद्दल हेच म्हणणं असायचं. ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम निघाली तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ही गर्दी. बाबा म्हणायचे, यातल्या निम्म्या लोकांनी रोज तिकीट काढलं असतं तर बंदच झाली नसती. ते स्वतः त्या गर्दीत का गेले होते, हे मी कधी विचारलं नाही. आता—

असो.

९ एप्रिल २०१६ चं मात्र लिहायलाच हवं. ते मी कुणालाच सांगितलेलं नाही.

शनिवार होता. शेवटची डीसी लोकल रात्री साडेअकराच्या सुमारास कुर्ल्याहून सीएसटीला जाणार होती. मी दोन तास आधीच जाऊन बसले. गाडीला हार, समोर फुगे, कोण मोटरमनबरोबर सेल्फी काढतंय, कोण रडतंयसुद्धा. मी धावत होते. पुढून, बाजूने, खिडकीतून, टपावरच्या पँटोग्राफचा, नंबरच्या पाटीचा. गाडी सुटायची वेळ झाली तसे सगळे आत शिरले. एकजण दारातून हात पुढे करून ओरडलासुद्धा, "अहो चढा ना!" मी खुणेने नको म्हटलं. कारण मला ती जातानाचा फोटो हवा होता. मागचा लाल दिवा, वळण, सगळं. आणि तो मिळाला. उत्तम आलाय, अजून लोक मागतात.

पण मी त्या गाडीत बसले नाही. ९१ वर्षांच्या डीसीची शेवटची गाडी समोर उभी, दार उघडं, आणि मी फलाटावर फोकस तपासत राहिले. नंतर कल्याण गाडी पकडून घरी आले. ती सीमेन्सच होती. खिडकी मिळाली होती, छतातून गार हवा येत होती आणि मी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही, मांडीवर कॅमेरा ठेवून स्क्रीनवरचे फोटो बघत बसले.

म्हणून मावशीचं बोलणं लागलं का? असेल. पण एवढंच नाही.

जेवणं झाल्यावर जुनी हार्ड डिस्क काढली. आमचे हे म्हणाले, "पुन्हा श्राद्धपक्ष?" (घरात त्या डिस्कचं हेच नाव आहे.) मला बघायचं होतं की साध्या दिवशी काढलेला एखादा साध्या गाडीचा फोटो आहे का. चार हजारांवर फोटो आहेत आणि सगळे निरोपाचे. सँडहर्स्ट रोडचे आहेत, तिथे खालून मेन लाईन आणि वरून हार्बर जाते. शेजारचा हँकॉक पूल जानेवारी २०१६ मध्ये पाडला, त्या आदल्या आठवड्याचे ऐंशी. त्या पुलावरून शाळेच्या दिवसांत कितीदा गेले असेन, पण त्याचाही फोटो पाडायच्या आधीच्या आठवड्यातलाच.

आणि मग आठवलं की सीमेन्सचे फोटो माझ्याकडे होते. शेकड्यांनी होते. कुर्ल्याला जुन्या गाडीची चौकट जमवून बसलं की नेमकी मेन लाईनवरून ही पांढरी-जांभळी मध्ये यायची. बटण दाबलं जायचं, फोटोत नुसती जांभळी रेघ. मी चरफडायचे आणि तिथल्या तिथे डिलीट. दोन जीबीचं कार्ड, जागा कुठे होती. २००७ च्या नोव्हेंबरात ती पहिल्यांदा पश्चिम रेल्वेवर धावली, मग आमच्याकडे आली तेव्हाची, नवी कोरी, काचा चकचकीत. सगळी मी माझ्या हाताने पुसली. आता त्याच गाड्यांच्या टपावर गंज दिसायला लागलाय आणि आणखी सात-आठ वर्षांनी मीच कुठल्यातरी फलाटावर हार घेऊन उभी असणार.

एकच सापडला. त्यात मागे जुन्या गाडीचं अर्धं तोंड दिसतंय, म्हणून वाचला असावा.

मला दारं उघडी असलेल्या गाडीचा फोटो हवा होता, खरं सांगायचं तर. दुपारी त्यासाठीच उभी होते. आता दारं बंद होणारच. मुंब्र्याला त्या जूनच्या सकाळी गर्दीच्या लोकलच्या दारातून माणसं पडून गेली, त्यानंतर ती तशी उघडी राहावीत असं कुठल्या तोंडाने म्हणू? मी म्हणत नाहीच. तरी दारातला वारा... जाऊ दे. म्हणजे मावशी बरोबरच बोलली. मी सहज काढत नव्हते. तिला खोटं सांगितलं आणि तिला ते कळलं.

तिचं वेगळंच होतं हेही आता लक्षात येतंय. माझ्यासाठी गाडी बंद होणं म्हणजे एक फोल्डर. ती पुढे म्हणाली होती, "एसी लोकल आली की आमाला कोन चढू देतंय? दारं लागली की एका डब्यातून दुसऱ्या डब्यात उडी कशी मारायची?" मी मान हलवली. तोवर मी माझ्या फुरंगटण्यात होते, नीट ऐकलंही नाही. तिने विचारलं ते चेष्टेत, पण तिला खरंच माहिती हवी असेल. बंद होणार असेल तर कधी, म्हणजे तिला काही दुसरं बघायला. मी तिची पंचांगवाली झालेय!

शेवटी मी म्हटलं, "तुमचा काढू का एक?" हे जरा पापक्षालनच. तर म्हणाली, "माझा नको, मालाचा काढा. सुनेला पाठवायचाय, ती व्हॉट्सअपवर विकते. नवीन फुलांचे आलेत ते पुढं घ्या." मग पुठ्ठा तिरपा धरून उन्हात उभी राहिली. "फुलं नीट दिसूद्यात, टिकल्या चमकल्या पाहिजेत." दोन काढले. तेवढ्यात मागून फास्ट गेली.

आत्ता स्क्रीनवर लावून बघतेय. क्लिपा छान आल्यात. लाल, मोरपंखी, सोनेरी टिकल्यांच्या, आणि पुठ्ठ्याच्या कोपऱ्यावर मावशीचा अंगठा. मागे या टोकापासून त्या टोकापर्यंत जांभळी रेघ. डिलीट करायला बोट गेलं होतं सवयीने.

मावशीचा नंबर घ्यायचा राहिला. उद्या आठ चौदाच्या लोकलला ती नसते, दुपारच्यालाच असते. शनिवारी जाईन. वीस रुपयांच्या सहा क्लिपा घेतल्या होत्या, त्यातली एक आत्ताच केसात तुटली.