गुरुवारचे दोन तास

रोज संध्याकाळचे पाच वाजले की आई, म्हणजे माझ्या सासूबाई, पदर खोचून दाराशी उभ्या. "मनीगे होगोण." घरी जाऊया. चाळीस वर्षं बेळगावात शहापूरच्या ह्याच घरात काढली, पण त्यांना जायचं असतं गोकाकजवळच्या माहेरी, जिथं आता आपलं कोणच राहिलेलं नाही. मराठी त्या लग्नानंतर शिकल्या आणि डिमेन्शिया, म्हणजे विसरण्याचा आजार, झाल्यावर आधी तीच गेली, लहानपणचं कन्नड तेवढं उरलंय. डॉक्टर म्हणाले असं होतं, नंतर शिकलेली भाषा बऱ्याच जणांची आधी जाते. माझं माहेर चंदगडचं, कन्नड येतं ते भाजी घेण्यापुरतं. त्या काकुळतीला येऊन काहीतरी सांगतात आणि मला कळत नाही, ह्याचं जेवढं वाईट वाटतं तेवढं रात्री तीनदा उठायचं पण वाटत नाही.

आधी मी वाद घालायचे, अहो हेच तुमचं घर की. आता म्हणते चहा घेऊ मग जाऊ, आणि लसणाची टोपली पुढ्यात ठेवते. एकेक पाकळी डोळ्यांजवळ धरून सोलतात, सालं पदराच्या गाठीत बांधून ठेवतात.

गेल्या महिन्यात त्यांना दाखवायला नेलं तर डॉक्टरनी माझंच बीपी बघितलं, १६० वर १००. "झोप किती होते?" एवढंच विचारलं आणि मला रडूच आलं. त्या रात्री १४४१६ ला फोन लावला, टेलिमानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर, पैसे पडत नाहीत आणि रात्री पण लागतो. पलीकडची बाई मराठीत बोलली, सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाली आठवड्यातून दोन तास कोण बसेल का त्यांच्याजवळ? मला कोणाला विचारायची लाजच वाटायची, आपल्या सासूला दुसऱ्यानं का बघायचं म्हणून. नणंद फोनवर "आईला जप" म्हणते, ते बरोबरच आहे, पण तू जेवलीस का हे पण कोणीतरी विचारायला पाहिजे ना.

शेवटी शेजारच्या अक्कांना विचारलं. "इतके दिवस का नाही सांगितलंस गे?"

आज पहिला गुरुवार. चार वाजता निघाले, कपिलेश्वरच्या देवळाला तळ्याच्या पायरीवर नुसती बसले, अर्धा वेळ मोबाईलच बघत होते फोन आला काय म्हणून. परत आले तर खिडकीतून आईंचं हसणं ऐकू आलं, किती महिन्यांनी! अक्का आणि त्या कन्नडमधून कशावर तरी बोलत होत्या. सहाला अजून दहा मिनिटं होती. मी आत गेले नाही, बाहेर कट्ट्यावरच बसून राहिले.