बशा आधी की आजोबा आधी

सकाळी साडेआठला टीमच्या फोनवर निरोप आला. स्कॉटलंडमधल्या कॉम्री गावच्या डॅलगिनरॉस भागातले आजोबा रात्री भूकंप झाला म्हणताहेत. पहाटे त्यांनी एडिनबर्गच्या लेकीला उठवून तेच सांगितलं होतं आणि ती घाबरली होती. डॉक्टरांचा अंदाज सरळ होता. वय 91, माणूस एकटा, आणि मागच्या वर्षी लघवीचा संसर्ग झाला तेव्हा बागेत गाई शिरल्या म्हणून यांनी पोलिसांना फोन केलेला. तेव्हा लघवी तपास, ताप बघ, भ्रमाची चाचणी कर, गरज पडली तर हलवू.

मी घरोघर जाणारी नर्स. आमचं बस्तान क्रीफला, तिथून कॉम्री दहाबारा किलोमीटर. डिसेंबरातली सकाळ, जेमतेम फटफटलेलं, रस्त्यावर बर्फाचा पापुद्रा. गाडी हळू चालवत होते आणि मनात एकच गोष्ट घोळत होती. दुसऱ्या कुठल्या गावातला म्हातारा भूकंप म्हणाला असता तर मीही आधी लघवीच तपासली असती. पण कॉम्रीत?

हायलँडचे डोंगर आणि दक्षिणेचा सखल मुलूख यांच्यामधल्या मोठ्या भेगेवर हे गाव बसलंय. आजूबाजूचे लोक त्याला 'शेकी टून' म्हणतात, म्हणजे हलणारं गाव. 23 ऑक्टोबर 1839 च्या रात्रीचा धक्का तर स्कॉटलंडच्या मोठ्या भागात जाणवला. त्यानंतर इथल्या दोघांनी धक्क्यांची नोंद ठेवण्याचा ध्यासच घेतला. एक पोस्टमास्तर, पीटर मॅकफार्लेन. दुसरा चांभार, जेम्स ड्रमंड. शास्त्रज्ञ एडिनबर्गहून उपकरणं पाठवायचे, त्यांतलं एक होतं उलटा लंबक आणि त्याच्या टोकाला पेन्सिल. पण रात्री-बेरात्री उठून वेळ टिपणारे हे दोघे. 1874 मध्ये गावाबाहेर रॉस भागात एक दगडी खोली बांधली. आत लाकडी दंडगोल उभे करून ठेवलेले. हादरा बसला की ते वाळूत पडायचे, आणि कुठला कुठल्या दिशेला पडला त्यावरून धक्का ओळखायचा. ती खोली अजून आहे, काचेतून आत बघता येतं. आमच्याकडच्या देवळाच्या गाभाऱ्याएवढीच.

आणि मी पाटण तालुक्यातली. भांडी वाजली की आमच्याकडे लोक आधी एकमेकांच्या तोंडाकडे बघतात, मग चुलीकडे.

दाराशेजारच्या किल्लीच्या डबीचा आकडा फिरवून आत गेले. आजोबा खुर्चीत ताठ बसलेले, अंगात लोकरी जॅकेट, केटली तापत ठेवलेली. इथे नव्वदीच्या माणसालाही पहिल्या नावाने हाक मारतात. माझ्या तोंडून ते अजून निघत नाही, म्हणून मी 'सर' म्हणते. सैन्यातसुद्धा मला कोणी सर म्हटलं नाही, असं ते दरवेळी बजावतात.

ताप नाही, 36.7 सेल्सियस. नाडी बरी. लघवीत पट्टी बुडवली, दोन मिनिटं थांबले, स्वच्छ. मग चाचणी. जन्मतारीख सांगितली, साल सांगितलं, डिसेंबरपासून उलटे महिने न अडखळता म्हटले. वर मलाच म्हणाले, "आता तू म्हण पोरी, तुझ्या भाषेतले." फाल्गुन, माघ, पौष, मार्गशीर्ष, कार्तिक इथवर धडधडत आले आणि आश्विनापाशी अडकले. त्यांनी गंभीरपणे मान हलवली. "हिला हलवा दवाखान्यात."

मग त्यांनी वही पुढे केली. साधी शाळकरी वही, अक्षर सुबक. पहाटे 4.10. एक धक्का. बशा वाजल्या. शेजारचा कुत्रा भुंकला. बस, एवढंच.

"आणि हे?" मी विचारलं. त्यांच्या पायजम्याच्या उजव्या पायावर रक्ताचा वाळका डाग होता. वर सरकवून पाहिलं तर नडगीची कातडी टोपीसारखी उलगडलेली, रुपयाच्या नाण्याएवढी. या वयात कातडी ओल्या कागदासारखी होते. सलाइनने धुतली, सुटलेली कातडी ओल्या गॉझने हलकेच परत जागेवर बसवली, न चिकटणारी पट्टी लावली. तेवढ्यात माझी नजर बशांच्या कपाटाकडे गेली. खालच्या फळीचा कोपरा बरोबर नडगीच्या उंचीवर. म्हणजे आजोबा अंधारात कपाटाला धडकले असतील आणि बशा त्यामुळे वाजल्या असतील तर?

मी काही बोलले नव्हते, पण त्यांनी माझी नजर पकडली. "बशा आधी वाजल्या. मग मी लिहायला उठलो. मग धडकलो."

पट्टी बांधताना त्यांचं बोलणं चालू होतं. खिडकीतून डोंगरावरचा हेन्री डंडासचा 72 फुटी खांब दिसतो. पेशवाईच्या उतरत्या काळात कंपनीच्या कारभारावर लंडनहून लक्ष ठेवायचा तो हाच. आजोबांना त्याचं काही नाही. त्यांना सांगायची असते कल्टीब्रॅगनची छावणी. ते पोरसवदा असताना तिथे जर्मन कैदी होते. डिसेंबर 1944 मध्ये कैद्यांनी आपल्यातल्याच वोल्फगांग रोस्टर्गला गद्दार ठरवून मारलं. आणि त्याच छावणीतल्या हाइनरिश श्टाइनमायर या कैद्याने 2014 मध्ये मरताना गावातल्या म्हाताऱ्यांसाठी 3,84,000 पौंड ठेवले. गावाने चांगलं वागवलं, त्याची परतफेड म्हणून. हिटलरच्या एस.एस. दलाचा माणूस तो. "पोरांनी त्याला गुपचूप सिनेमाला नेलं म्हणतात," आजोबा म्हणाले. "त्या पोरांत आपण होतो असं सांगणारे मला पन्नास तरी भेटलेत. एवढी पोरं गावात नव्हती." रेल्वे 1964 मध्ये बंद झाली याचा राग मात्र अजून ताजा आहे.

मग त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे हलतं का?"

सांगितलं. 11 डिसेंबर 1967, तीही पहाटच, साडेचारच्या आत-बाहेर. कोयनानगर. सुमारे 180 माणसं गेली. आजीचं घर बसलं. ती सांगायची, जमीन हलायच्या आधी पाट्यावरचा वरवंटा आपोआप गडगडत खाली आला. पुढे कित्येक दिवस सगळे शेतात, थंडीत, गवताच्या पेंढ्या अंगावर घेऊन झोपले.

आजोबा बराच वेळ गप्प. केटली बंद झाली तरी उठले नाहीत. "आणि आम्ही बशा मोजतो," म्हणाले. मग, "तुझ्या आजीचं कोणी लिहून घेतलं?"

कोयनेवर शास्त्रज्ञांनी ढिगाने लिहिलंय, धरण आणि धक्के यांवर जगभर चर्चा झाली. पण आजीच्या आळीत वही घेऊन कोणी आलं नव्हतं. ती गेली तेव्हा वरवंटाही कोणाकडे गेला, मला ठाऊक नाही.

निघण्याआधी ब्रिटिश भूगर्भ सर्वेक्षणाची प्रश्नावली त्यांच्यासाठी फोनवर भरली. कुठे होतात? अंथरुणात. काय ऐकू आलं? बशा. घाबरलात का? "नाही. वैतागलो, असं लिही." तसा पर्याय नव्हता.

डॉक्टरांना कळवलं: भ्रम नाही, लघवी स्वच्छ, नडगीला जखम, पट्टी केली, पडण्याचा धोका आहे म्हणून पलंगाशेजारी दिवा हवा. "मग भूकंप झाला होता का?" त्यांनी विचारलं. म्हटलं, त्याचा रकाना आपल्या फॉर्मात नाही.

तीन दिवसांनी पट्टी बदलायला गेले. तोवर मी सर्वेक्षणाची यादी दोनदा बघितली होती. कॉम्रीचं काही नव्हतं. तसं सांगितल्यावर त्यांनी मान डोलावली आणि नोंदीपुढे पेन्सिलने प्रश्नचिन्ह काढलं. खोडलं नाही. शेजारणीला कुत्र्याबद्दल विचारलं का, हे मी विचारलं नाही.

मग वही माझ्याकडे फिरवली. प्रश्नचिन्हाच्या खाली 11 डिसेंबर 1967 लिहिलं होतं, पुढे कोयनानगर, आणि त्यापुढे मोकळी जागा सोडलेली.

"त्या दगडाचा उच्चार पुन्हा एकदा सांग," आजोबा म्हणाले. "सावकाश. व-र..."